राबाचं शेण

शेणावर लाइट लागते की नाही, हे मला कोणी शिकवायला येऊ नये. अजूनही कुठल्यातरी मेळाव्यात कोणीतरी भेटतं आणि गोड आवाजात सांगू लागतं, ताई, गोबरगॅसवर वीज तयार होते बरं का, दोन-चार घरांनी मनावर घेतलं की झालं. मी थोडा वेळ ऐकून घेते. मग माझं डोकं फिरतं आणि मी म्हणते, होते ना, माझ्या दारात होत होती, सबंध हिवाळा होत होती. पुढे काय झालं ते ऐकायचंय? तेवढ्यात समोरच्याला कोणाचा तरी फोन येतो.

तर आता लिहूनच ठेवते. निदान मध्ये तोडणारं कोणी नाही.

माझं माहेर मुरबाडकडचं आणि सासर शहापूर तालुक्यातलं, शेणवे गावावरून आत गेलं की लागतं. दोन्हीकडे भात, दोन्हीकडे दिवाळी झाली की माणसं रिकामी. नवरा लग्न झालं तेव्हा आटगावहून रेल्वेचा पास काढून कल्याणकडे एका कारखान्यात जायचा. नव्वदनंतर तिकडचे कारखाने एकेक करून बंद पडत गेले, तसा त्याचाही पडला आणि तो घरी आला. घरी बसलेला पुरुष म्हणजे काय, हे जिने पाहिलंय तिला सांगायला नको. पोरं अंगणात खेळायची, हा पडवीत बसून असायचा. चहा दिला तर प्यायचा, नाही दिला तर मागायचाही नाही. त्याचं ते न मागणं मला जास्त लागायचं.

पहिली म्हैस माझ्या हट्टाने आली. सासरे म्हणाले, दुधाचा धंदा आपला नव्हे. नवरा काहीच म्हणाला नाही. पण म्हैस दारात आली आणि त्याला उठावं लागलं. गवत, पाणी, धुणं, धार. दोन महिन्यांत माणूस बोलायला लागला, तेही आधी म्हशीशी आणि मग माझ्याशी. मी म्हटलं, असू दे, क्रम कुठलाही असू दे. मग दुसरी आली, तिसरी आली. आमचं बघून शेजारच्या तीन घरांनी म्हशी घेतल्या. सकाळी टेम्पो येऊन चारही घरांचं दूध शहापूरला केंद्रावर घेऊन जायचा.

पण टेम्पो फक्त सकाळी. संध्याकाळच्या दुधाचं काय? थंडीत ते सकाळपर्यंत राहायचं, उन्हाळ्यात नासायचं. म्हशीला काय सांगणार, बाई, संध्याकाळची धार देऊ नकोस? निम्मं दूध असं वाया गेलं तर म्हशी परवडणार नव्हत्या, आणि म्हशी गेल्या की नवरा पुन्हा बाहेर जाणार किंवा पुन्हा पडवीत बसणार. आमचं सगळं त्या संध्याकाळच्या दुधावर येऊन अडलं होतं. ते थंड राहिलं तर घर राहणार होतं.

लाइट होती, म्हणजे तारा होत्या. दोन हजार साल उलटल्यावर लोडशेडिंग असं काही सुरू झालं की दुधाला बसलं की लाइट गेलीच म्हणून समजा. केंद्रवाले म्हणाले, दूध थंड करायची टाकी देतो, पण वीज तुमची तुम्ही बघा. आम्ही काय बघणार, कपाळ?

त्या पौषात शहरातल्या एका संस्थेची माणसं आली. शेण बघून एवढी खूश झालेली माणसं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. गोठ्यात वाकून वाकून बघत होती. किती पडतं, सकाळी किती, संध्याकाळी किती, पातळ की घट्ट. चारही घरांचं शेण एका टाकीत घालायचं, त्याचा गॅस व्हायचा, गॅसवर इंजिन चालायचं, इंजिनावर वीज, विजेवर दुधाची टाकी थंड. वर चारही घरांत दिवे. त्यांच्यातल्या एका तरुण साहेबाने हे सगळं पाटीवर चित्र काढून दाखवलं. त्याने विचारलं, शेण वर्षभर पडतं ना? आम्ही म्हटलं, पडतं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. पण शिमगा जवळ आला की ते शेण कुठे जातं, हे त्याने विचारलं नाही आणि आमच्यातल्या एकानेही सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असंही नाही. जे दरवर्षी होतंच, ते सांगायचं असतं हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

उन्हाळ्यात खड्डा खणला, बांधकाम झालं, खड्ड्यावर मोठी लोखंडी टोपी बसली. आत गॅस भरला की टोपी वर यायची, वापरला की खाली जायची. पहिल्यांदा ती टाकी भरायला पावसाळाभराचं शेण लागलं. घमेली वाहून वाहून माझ्या डोक्याला घट्टा पडला. शेजारची माझी चुलत जाऊ, जिभेला हाड नसलेली बाई, ओटीवर बसून विचारायची, "काय गो, शेणाच्या लाइटीत जेवलं तर भाताला वास येल काय?" मी म्हणायचे, तुला येईल, तुझं नाकच तसलं आहे.

दिवाळीच्या सुमाराला इंजिन सुरू झालं. त्याला डिझेल-बिझेल चालत नव्हतं, गॅस आणि फक्त गॅस. नवऱ्याने दोरी ओढली, ते दोनदा खोकलं आणि मग जे धडधडायला लागलं, की गोठ्यातली वासरं दावं तोडायला निघाली. दिवा लागला. सगळे त्या दिव्याकडे बघत होते आणि मी नवऱ्याकडे बघत होते. तो हसत होता. खरंच सांगते, लग्नातही एवढा हसला नव्हता. जाऊबाई सगळ्यांच्या आधी कॅन घेऊन हजर. "वास तर नाय येत गो," म्हणाली आणि केंद्राने दिलेल्या टाकीत दूध ओतून गेली.

तो हिवाळा आमचा होता. संध्याकाळचं दूध थंड टाकीत, सकाळचं त्याच्या जोडीला, टेम्पोवाला म्हणायचा, तुमच्या आळीचं दूध बघायला नको, डोळे मिटून घेतो. नवरा उठला की तोंड न धुता आधी टोपी किती वर आली ते बघून यायचा. चारही घरांतून शेण यायचं, तो आणि मी पाण्यात कालवायचो, गुठळी राहू द्यायची नाही म्हणून हाताने फोडायचो. दुसऱ्या बाजूने जे पातळ बाहेर पडायचं ते ज्याच्या त्याच्या शेताला. कोणी कोणाच्या शेणाला नावं ठेवली नाहीत. चार घरं एवढे दिवस न भांडता राहिली, हेच मला नवल वाटायचं.

माघ निम्मा झाला आणि टोपी खाली बसायला लागली.

आता राबाचं सांगायला हवं, कारण देशावरच्या माणसाला ते कळणार नाही. आमच्याकडे भाताचं रोप ज्या तुकड्यात करतात, तो आधी भाजून काढतात. जमिनीवर सुक्या शेणाचा थर, त्यावर कवळं म्हणजे तोडलेल्या डहाळ्यांच्या जुड्या, सुका पातेरा, गवत, वरून माती, आणि मग पेटवायचं. ते हळूहळू धुमसतं, तण मरतं, राख मातीत मिसळते आणि पावसाआधी त्यात भात पेरायचं. याला राब म्हणतात. आणि राबाचं शेण म्हणजे राबाचं शेण. शिमग्याच्या आगेमागे कोणाच्या दारात शेण मागायला जायचं नाही, सारवायलासुद्धा नाही, असा आमच्याकडे दंडक. मागणाऱ्यालाच लाज वाटायची.

मला हे माहीत नव्हतं का? होतं. पण मला वाटत होतं, यंदा माणसं वेगळा विचार करतील. साहेब तर सांगून गेला होता, बाहेर पडणारं पातळ शेण खत म्हणून जास्त चांगलं, ते टाका, भाजायची गरजच नाही. सासऱ्यांनी ते वाळवून पाहिलं. मातीसारखं बसलं. काडी लावली तर धुमसेना. त्यांनी ते पायाने उडवलं आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाही.

सासरे वाईट नव्हते. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे मी त्यांच्यावर तोंड सोडणार आहे. त्यांना मी मामा म्हणायचे. दारू नाही, शिवी नाही, माझ्यावर कधी चढा आवाजसुद्धा नाही. शेतात राबून राबून पाठीचं धनुष्य झालेलं. पण भात सोडून जगात दुसरं काही आहे, हे त्यांना मान्यच नव्हतं.

शेण कमी झालं का? नाही ना, तिथेच तर गंमत. चारही घरांतून घमेली पूर्वीइतकीच यायची, काठोकाठ भरलेली. पण हात घातला की कळायचं. निम्मं पाणी, गोठ्यातला केर, खाली चुलीतली राख. वर दाखवायला ताजं शेण थापलेलं, लग्नाच्या पंगतीत भातावर तूप वाढतात तसं. प्रत्येक घराला वाटत होतं, आपलं एक घमेलं गेलं तर काय बिघडतंय, बाकीची तीन घरं घालतायत की. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण बोलायचं कसं? जाऊबाईच्या घमेल्यात हात घालून मी म्हटलं, "आज म्हशीला जुलाब झाले काय गो?" ती घमेलं तिथेच ठेवून निघून गेली.

मी घरी येऊन गवताच्या उडवीमागे गेले, वैरण काढायला. आणि बघते तर काय, उडवीच्या आडोशाला शेण वाळत घातलेलं. आमच्याच गोठ्यातलं. मामा उकिडवे बसून ते हाताने मोडत होते.

"मामा, हे कुठलं?"

"राबाचं," ते म्हणाले. जसं काही मी विचारलं होतं, सूर्य कुठला.

"टाकीत काय घालू मग मी?"

"घाल की. म्हशी हायत ना. मी थोडाच घेतो."

"चारी घरं थोडंच घेतायत, मामा."

त्यांनी मान वर करून पाहिलं. त्यांना हे खरंच माहीत नव्हतं, असं मला त्या वेळी वाटलं. मग ते पुन्हा मोडायला लागले. मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, बघू. त्याचं ते बघू मी जन्मभर ऐकत आले आहे.

शिमगा झाला आणि उन्हं तापली. एका संध्याकाळी दूध टाकीत पडलं, लाइट गेलेलीच होती, इंजिन सुरू झालं आणि थोड्या वेळाने खोकून बंद पडलं. नवऱ्याने दोरी ओढली, पुन्हा ओढली, हाताला फोड आले. टोपी पार तळाला टेकली होती. गॅसच नाही तर इंजिन काय करणार? शेजारपाजारचे जमले, कोणी म्हणालं पाइप बघ, कोणी म्हणालं साहेबाला फोन लाव. शेण पातळ होतं, हे एकाच्याही तोंडून निघेना. मीच म्हटलं, अरे मेल्यांनो, पाण्याचा गॅस होतो काय? त्यावर कोणी माझ्याकडे बघेना.

सकाळी टेम्पोवाल्याने झाकण उघडलं आणि नाक वळवलं. तरी बिचाऱ्याने थोडं डब्यात घेऊन उकळून पाहिलं. फाटलं. चार घरांचं एकत्र दूध, त्याच्यावर सकाळचं घातलेलं, सगळं गेलं. बायकांनी आपापल्या घरी टोप भरभरून नेलं, गूळ घालून आटवायला. पण किती नेणार? टाकीत उरलंच. ते ओतायचं कुठे, हा प्रश्न पडला. दूध पायदळी जाता कामा नये, लक्ष्मी ती. ओढा आटलेला. कुत्र्यांना घालायला कोणाचा हात होईना.

मामा पुढे झाले. मला वाटतं त्यांना मनातून लागलं होतं, उडवीमागचं ते शेण त्यांना टोचत असणार. म्हणाले, "म्हशीचा हाय ना, म्हशीच्याच शेणात घाला. ते पन पोटच हाय. वाया नाय जानार, गॅस तरी येल." सगळ्यांना पटलं. मला पण पटलं, का नाही पटणार? शेणाचा गॅस होतो तर दुधाचा का होऊ नये? मामांनी स्वतःच्या हाताने, डोक्याची टोपी काढून, नमस्कार करून ते सगळं नासकं दूध गोबरगॅसच्या तोंडात ओतलं.

आणि खड्ड्यावरची लोखंडी टोपी वर आली! दुसऱ्या दिवशी चांगली हातभर वर. आळीत नुसता आनंद. मामांना जो तो म्हणतोय, काय अक्कल चालवलीत. नवऱ्याने इंजिनाची दोरी ओढली. लागेना. चुलीला पाइप लावून काडी ओढली, तर काडीच विझली. टोपीखाली भरपूर गॅस आणि पेटत काही नाही. मग वास यायला लागला. शेणाचा वास मला कधी नकोसा झाला नाही, पण हा निराळा होता, आंबूस, लहान मूल दूध टाकतं तसा. मला तिथेच उभ्या उभ्या कळलं की काहीतरी कायमचं बिघडलंय.

साहेब आला. त्याने वास घेतला, कसलासा कागद बुडवून पाहिला, आणि विचारलं काय घातलंत? सांगितल्यावर त्याने कपाळाला हात लावला. शेणात जे जीव असतात, ज्यांच्यामुळे गॅस होतो, ते आंबटात मरतात म्हणाला. टाकी उपसायची आणि नव्या शेणाने भरायची, दुसरा इलाज नाही. लगेच भरली तर निदान उन्हाळ्याच्या शेवटी तरी इंजिन चालेल. नाही तर पुढच्या पावसाळ्यावर गेलं.

त्यासाठी आमच्या अंगणात बैठक बसली. दुपार कलली होती. साहेब खुर्चीवर, बाकी सगळे खाली. आता एवढं शेण कुठून आणायचं, यावर सगळे जमिनीकडे बघत होते. साहेब सरळ माणूस, येताना शेतं बघत आला होता. तो म्हणाला, "अहो, तुमच्या शेतांत तर एवढं शेण पसरलेलं दिसतंय. तेच उचलून आणा ना, भिजवलं की झालं." कोणाच्या देवघरातला नारळ फोडून खायला मागावा, तसे सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

मला राहवलं नाही. मी दारात उभी होते, तिथून म्हटलं, "आमच्या राबाचं आमी उचलतो. उद्या सकाळी. बाकीच्यांनी आपापलं बोला." पुरुषांच्या बैठकीत मी असं बोलले म्हणून काहींनी माना वळवल्या. जाऊबाईचा नवरा म्हणाला, "तुमचं पैलं उचला, मग आमचं बघू." मी म्हटलं, चालेल. नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली, होय म्हणून. त्या मानेसाठी मी त्याचे सगळे बघू माफ केले असते.

मामा उठले. खांद्यावरचा पंचा डोक्याला गुंडाळला. "पानी पिऊन येतो," म्हणाले आणि मागच्या दाराने गेले.

बोलणं चालूच होतं. किती पाट्या, बैलगाडी कोणाची, उपसायला माणसं किती. धूर आधी नवऱ्याला दिसला. तो बोलता बोलता थांबला आणि शेताच्या बाजूला बघत राहिला. मग सगळ्यांनी पाहिलं. आमच्या राबाच्या तुकड्यावरून पांढरा धूर सरळ वर चढत होता. नवरा जागचा हलला नाही. मी धावले, अनवाणी.

मामा काठीने पाला सारखा करत होते. जाळ चहूबाजूंनी लावलेला होता, कोणी विझवू म्हटलं तरी विझू नये असा.

"मामा, काय केलंत तुमी हे?"

"राब भाजला."

"घर जाळलंत तुमी आमचं!"

ते माझ्याकडे वळले. डोळे धुराने लाल झाले होते. "म्हशी आज हायत, उद्या नायत. भात नाय पिकला तर खाशील काय गो? दूध पिऊन जगतील काय तुझी पोरां?" मी तोंडाला येईल ते बोलले. ते इथे लिहिणार नाही, पण एक शब्दही मला परत घ्यायचा नाही. ते काठी फिरवत राहिले. अंधार पडायच्या आत बाकीच्या तीन घरांचेही राब पेटले होते. कोण मागे राहील आणि त्याच्याकडे शेण मागितलं जाईल, याची सगळ्यांना भीती. अंगणात साहेबाची रिकामी खुर्ची तेवढी होती.

नवऱ्याला म्हटलं, तुमी तरी बोला बापाला. तो म्हणाला, "काय बोलू? बाप हाय तो." एवढंच. मला त्या दिवशी बापापेक्षा मुलाचा राग जास्त आला आणि तो अजून गेलेला नाही.

साहेब म्हणाला होता, पावसाळ्यात पुन्हा भरू. पावसाळ्यापर्यंत थांबायला हवं ना कोणी. ऐन चैत्र-वैशाखात रोज संध्याकाळचं दूध नासत होतं. केंद्रवाले दुधाची टाकी परत घेऊन गेले. पहिल्यांदा जाऊबाईच्या म्हशी गेल्या, मग एकेकाच्या. पावसाळ्यात संस्थेला दुसरं गाव मिळालं होतं. आमची लोखंडी टोपी गंजत पडली आणि तिच्यावर पोरं घसरगुंडी खेळायला लागली.

आमच्या म्हशी भिवंडीकडच्या एका तबेलेवाल्याने नेल्या. ट्रकला फळी लावली तरी चढेनात. नवऱ्याने हात लावला की चढायच्या, दुसऱ्या कोणाला जुमानत नव्हत्या. ते बघून तबेलेवाला म्हणाला, तूच चल ना, राहायला खोली देतो. म्हशींबरोबर माणूसही घेऊन गेला. मी पडवीत उभी होते. नवरा ट्रकच्या मागे म्हशींतच उभा राहिला आणि हात हलवला. हसत होता की काय होता, मला दिसलं नाही.

पुढचा शिमगा आला. आता गंमत बघा. गोठा रिकामा, आळीतले सगळेच गोठे रिकामे, एखाददुसरा बैल तेवढा. मामा टोपली घेऊन रानात गुरांच्या वाटेने शेण वेचत फिरायचे. कोणाच्या दारात मागायची सोय नाही, मागितलं तरी असणार कुठून? एक दिवस जेवता जेवता मला म्हणाले, "तुझ्या म्हायेरी म्हशी हायत ना?" माझा हात ताटात तसाच राहिला. एवढं झाल्यावर या माणसाला हे विचारवतं तरी कसं? पण घरात भात हवा होता, त्यांचं ते म्हणणं काही खोटं नव्हतं. मी गेले.

बायका माहेरून लाडू आणतात, नेसायला पातळ आणतात. मी शेण आणलं. आईने कशाला म्हणून विचारलं नाही. स्वतःच्या राबातलं सुकं शेण गोणत्यांत भरून दिलं, गोणतीचं तोंड शिवता शिवता फक्त म्हणाली, "जावई बरे हायत ना?" एसटीत गोणत्या घेईनात म्हणून किन्हवलीपर्यंत जीपने आणि पुढे दुसरी जीप. शेजारी बसलेली बाई पदर नाकाला लावून बसली होती. मी तिला म्हटलं, नाकाला काय लावतेस, भात खातेस ना?

राब भाजला. रोप खरंच सुरेख आलं, हिरवंगार, दाट. मामा बांधावर उभे राहून मला दाखवायचे, बघ कसा आलाय. मी म्हणायचे, हो, आलंय. आणखी काय म्हणणार होते?

आवणीला, म्हणजे भात लावायला, नवरा चार दिवसांची रजा घेऊन आला. वाळला होता. चिखलात पाय रोवून आम्ही दोघं रोप उपटून जुड्या बांधत होतो. मी त्याला माझ्या माहेरच्या आहेराची गोष्ट रंगवून सांगितली, त्या नाक धरणाऱ्या बाईसकट. वाटलं, हसेल. तो थोडा हसलाही आणि पुन्हा रोप उपटायला लागला.

सहज विचारायचं म्हणून मी विचारलं, "तिथं एवढ्या म्हशी. शेणाचं काय करतात हो?"

"सोडतात."

"सोडतात म्हणजे? कुठं?"

"गटारात. पाइप लावायचा, पाण्याने ढकलायचं. खाडीला जातं."

"सगळं?"

"सगळं. कोन नेतंय?"

एवढ्या शेणात आमच्यासारखी किती इंजिनं चालली असती, किती राब भाजले असते. मला किंचाळावंसं वाटलं, पण कोणावर किंचाळू? हातातली जुडी मी चिखलात टाकली.

"आपल्या म्हशींचं पन?"

"त्यांचं पन," तो म्हणाला, माझ्याकडे न बघता. "मीच सोडतो गो. मला तेवढ्यासाठीच ठेवलाय."